कोकणातल्या घरात वॉक-इन वॉर्डरोब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि आसपासच्या घरांची आतली कामं करताना गेल्या काही वर्षांत हा विषय प्रत्येक दुसऱ्या घरात निघतो. मोबाइलवर फोटो पाहिलेला असतो आणि तो बहुतेक वेळा कोरड्या हवेच्या शहरातला असतो. इथे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा तो फोटो जसाच्या तसा उतरवता येत नाही. लोक आम्हाला सारखं जे विचारतात ते इथे उत्तरांसह लिहून ठेवलं आहे.

वॉक-इन म्हणजे मोठं कपाटच ना?

नाही. आमचे मेस्त्री त्याला ‘कपड्यांची खोली’ म्हणतात आणि ते नाव जास्त बरोबर आहे. कपाटासमोर आपण उभे राहतो, इथे आपण कपाटाच्या आत उभे राहतो. आपल्या जुन्या घरांत कपडे पेटाऱ्यात, फडताळात आणि माजघरातल्या वलणीवर, म्हणजे कपडे टाकायच्या आडव्या दोरी-काठीवर, असत. वलणीवरच्या कपड्यांना चारी बाजूंनी वारा लागायचा, म्हणून त्यांना भुरी, म्हणजे बुरशीचा थर, कमी यायची. वॉक-इनमध्ये त्याच वलणीला चार भिंतींत कोंडायचं असतं. म्हणून फळ्या किती आणि ड्रॉवर किती हे नंतर बघू. त्या कोंडलेल्या हवेचं काय करायचं, हे आधी ठरवावं लागतं.

किती जागा लागते?

हँगरला अडकवलेल्या शर्टाला २४ इंच खोली लागते. माणसाला वळायला, वाकून खालचा ड्रॉवर उघडायला ३६ इंच. म्हणजे एकाच बाजूला कपडे असतील तर खोलीची रुंदी ५ फूट, दोन्ही बाजूंना असतील तर ७ फूट. ३० इंचांच्या वाटेतही माणूस मावतो, पण ड्रॉवर उघडला की त्याला दाराबाहेर जावं लागतं. घडीच्या कपड्यांना १४ ते १६ इंच खोली पुरते. २४ इंच खोल फळी केली तर मागच्या रांगेतल्या घड्या पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणी बघत नाही, आणि कसर तिथेच लागते.

उंचीचं म्हणाल तर शर्ट-कुर्त्यांच्या दोन दांड्या एकावर एक बसतात, साधारण ४० आणि ८० इंचांवर. लांब ड्रेस, शेरवानीसाठी ६० ते ६५ इंच मोकळे. त्याच्या वरच्या जागेत बॅगा.

आमच्या चिरेबंदी घरात बाळंतिणीची खोली नुसती पडून आहे. तिथे होईल का?

हा प्रश्न इतक्या घरांतून आला आहे की याचं वेगळं पान करावं असं वाटतं. माजघराच्या मागची, खिडकी नसलेली किंवा एक झरोका असलेली ती अंधारी खोली मापाने अगदी वॉक-इनजोगी असते. आतली असल्यामुळे तिला झड लागत नाही, हा मोठा फायदा.

तोटा दोन ठिकाणी. एक, जमीन. खाली शेण-मातीची जमीन असेल किंवा नुसत्या मातीवर लादी बसवलेली असेल तर ओल खालून येते. दुसरं, चिरा. आपला चिरा जांभ्याचा, आणि जांभा सच्छिद्र दगड आहे. पाया जिथे ओलाव्यात आहे तिथून पाणी भिंतीत दोन-तीन फूट वर चढतं आणि गिलाव्याचे पोपडे काढतं. अशा भिंतीवर वरून सिमेंटचा कडक गिलावा आणि ऑइलपेंट मारला की ओल आत अडकते आणि आणखी वर चढते. चुन्याचा गिलावा आणि साधी सफेदी असलेली भिंत निदान श्वास तरी घेते. एक पावसाळा ती खोली रिकामी ठेवा आणि ऑगस्टमध्ये भिंतीला हात लावून बघा. कंबरेखाली हात गार, दमट लागला तर भिंतीला चिकटून काहीही बसवू नका. कोरडी निघाली तर तुमच्याइतकं नशीबवान कोणी नाही, फक्त दाराच्या वर आणि खाली हवा जाण्यापुरती जाळी ठेवा.

कपाटं कोणत्या भिंतीला लावायची?

आतल्या. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत चार महिने भिजते. माझ्या स्वतःच्या घरात मीच ही चूक केली. पश्चिमेच्या भिंतीला लांबी छान मिळत होती, म्हणून तिथे जमिनीपासून स्लॅबपर्यंत कपाट ठोकलं, मागची फळी थेट भिंतीला. पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही आणि मी लोकांना तेच सुचवू लागले. दुसऱ्या वर्षी गणपतीच्या आधी सासूबाईंची नऊवारी काढली, तर घडीच्या प्रत्येक पदरावर करड्या ठिपक्यांची नक्षी. त्या काही बोलल्या नाहीत. साडी झटकून ओटीवर सावलीत पसरली आणि आत गेल्या. कपाट मी दिवाळीत उखडलं.

आतली भिंत मिळतच नसेल तर कपाटाची पाठ भिंतीपासून दोन इंच पुढे, तळ जमिनीपासून चार ते सहा इंच वर आणि माथा छतापासून थोडा खाली ठेवा. त्या दोन इंचांत हवा खालून वर फिरली पाहिजे, म्हणून खालच्या पट्टीला आणि वरच्या बाजूला भोकं किंवा जाळी हवीच. दोन इंच सोडून चारी बाजूंनी बंद केलं तर ती पालींची सोय होते.

वास्तूप्रमाणे जड कपाट नैऋत्येला हवं म्हणतात.

म्हणतात खरं, आणि कोकणात पाऊसही तिथूनच येतो. यावर आम्ही काढलेली तोड अशी: नैऋत्येचा कोपरा घ्या, पण अशा खोलीचा ज्याच्या त्या बाजूला पडवी किंवा दुसरी खोली आहे. वास्तुवाले खूश, कपडे कोरडे.

खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन ठेवला की पावसाळ्यातला कुबट वास जाईल ना?

इथे सगळ्यांची गल्लत होते, जरा सविस्तर सांगते. बुरशीला वाढायला हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास आणि वर लागते. कपड्यांच्या खोलीत ती ६० च्या खाली राहिली तर भुरीची काळजी फारशी नाही. जुलैत आपल्याकडे बाहेरच्या हवेचीच आर्द्रता बहुतेक वेळ ८५ च्या वर असते. एक्झॉस्ट फॅन आतली हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा बाहेरून आत येते, आणि ती आधीच ओली असते. म्हणजे मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत पंखा लावून खोली कोरडी होत नाही. फिरत्या हवेत बुरशी धरायला वेळ लागतो एवढाच त्याचा उपयोग, आणि तोही आतली हवा नुसती फिरवणाऱ्या छोट्या पंख्याने भागतो.

म्हणून वर्षाचे दोन भाग करा. पावसाळ्यात खोली बंद आणि आत डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढून घेणारं विजेचं यंत्र. ऑक्टोबरची ऊन्हं पडली की खिडक्या, दारं, ड्रॉवर सगळं सताड उघडं. डिह्युमिडिफायर घेताना कॉम्प्रेसरवाला घ्या. बाजारात मिळणारं डब्याएवढं छोटं, कॉम्प्रेसर नसलेलं पेल्टियरवालं यंत्र एका कपाटालाही पुरत नाही. पाण्याची टाकी रोज रिकामी करायचा कंटाळा येतो, म्हणून वायरमनला प्लग आणि प्लंबरला बाथरूमच्या नहाणीपर्यंत एक बारीक पाइप आधीच काढून ठेवायला सांगा. हे काम फर्निचर झाल्यावर आठवतं आणि मग भिंत फोडावी लागते.

आणि एक आर्द्रतामापक भिंतीवर लावा. काही शे रुपयांत मिळतो. नाकाला सवय होते, काट्याला होत नाही.

कपाटात टांगायच्या, पाणी शोषणाऱ्या पिशव्यांचं काय?

बंद कपाटाला ठीक, खोलीला नाही. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, ते ओलावा ओढून स्वतः पाणी होतं. ते पाणी सांडलं तर चामड्याच्या वस्तू आणि लोखंड दोन्ही खराब होतात. चपला-बॅगांच्या वर टांगू नका. सिलिका जेल तापवून पुन्हा वापरता येतं, पण दागिन्यांच्या डब्यापुरतंच.

बेडरूमला एसी आहे. शेजारी वॉक-इन केलं तर?

दोघांमधलं दार रात्री उघडं ठेवा. एसीने मधली भिंत गार होते. तिच्या पलीकडे बंद, दमट खोली असेल तर गार तांब्यावर घाम येतो तसा त्या भिंतीला आतून घाम येतो, तोही नेमका कपाटामागे. दार उघडं राहिलं तर एसीच कपडे कोरडे ठेवतो आणि वेगळ्या यंत्राची गरज बरीच कमी होते.

बेडरूम, मग वॉक-इन, मग बाथरूम असा नकाशा आर्किटेक्टने दिलाय.

कागदावर सुरेख दिसतो. गरम पाण्याच्या अंघोळीची वाफ मात्र थेट कपड्यांत जाते. बाथरूमचं दार वेगळ्या बाजूने काढता येतं का ते आधी बघा. नसेल तर बाथरूमला बाहेर फेकणारा एक्झॉस्ट, उंबरठा आणि घट्ट बसणारं दार, या तिन्हींशिवाय तो नकाशा मान्य करू नका.

प्लाय कोणता घ्यायचा?

मरीन ग्रेड, म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला. या मानकात प्लायचे तुकडे ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून बघतात. ‘कमर्शियल’ म्हणून मिळणारा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेडचा प्लाय आयएस ३०३ मध्ये बसतो. तो ओलावा काही काळ सोसतो, पण कोकणातले चार महिने हा ‘काही काळ’ नव्हे. पार्टिकल बोर्डचं तयार फर्निचर तर इथे पापडासारखं फुगतं. ऑनलाइन मागवलेली कपाटं दुसऱ्या पावसाळ्यानंतर दुरुस्तीला येतात आणि त्यांत दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नसतं, स्क्रू बोटाने निघतो.

चांगला प्लाय आणूनही काम बिघडतं ते कडांमुळे. प्लायच्या पृष्ठभागातून पाणी सहज शिरत नाही, कापलेल्या कडेतून शिरतं. प्रत्येक कड, दिसणारी आणि न दिसणारी, सील झाली पाहिजे. मेस्त्री म्हणेल, ‘ही बाजू भिंतीकडं जाणार, कोण बघतंय?’ ओल बघते. फळीला एका बाजूला सनमायका आणि दुसरी बाजू कोरी ठेवली तर फळी वाकते, म्हणून आतूनही पातळ लॅमिनेट हवं. १८ मिलिमीटरची फळी अडीच फुटांपेक्षा लांब मोकळी ठेवू नका, कपड्यांच्या वजनाने मधे झोल येतो.

घरचं फणसाचं लाकूड आहे. आजोबांनी कापून ठेवलेलं.

मग प्लाय कशाला शोधताय? इतकी वर्षं मुरलेला फणस सोन्यासारखा. दरवाज्यांच्या चौकटी, उभे खांब, दारांच्या फ्रेम त्यात करा. सागही तसाच. पांढरा भाग, म्हणजे बाहेरचं साल-लाकूड, मात्र काढून टाका, भुंगा त्यात पहिल्यांदा शिरतो. आंब्याच्या फळ्या कपाटाला नकोत. आंब्यावर आपला जीव असला तरी त्याच्या लाकडाला कीड लवकर लागते.

पीव्हीसी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं केलं तर वाळवीची कटकटच नाही ना?

वाळवीची नाही, बरोबर. पीव्हीसी बोर्ड पाण्यालाही दाद देत नाही. पण तो वजनाला वाकतो आणि त्यात स्क्रू प्लायइतका धरत नाही, म्हणून फळी दीड-दोन फुटांचीच करा आणि दांडीचा भार त्यावर देऊ नका. आम्हाला अलीकडे आवडू लागलेला प्रकार म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी आणि त्यांत मरीन प्लायच्या फळ्या. दिसायला थोडं दुकानासारखं दिसतं, हे कबूल.

एक लक्षात ठेवा, वाळवी जमिनीतून भिंतीतून येते. कपाट कशाचंही असो, आतले कपडे, पुस्तकं, कागद ती खातेच. काम सुरू करण्याआधी लादी आणि भिंतीच्या सांध्यात वाळवीची फवारणी करून घ्या.

बिजागऱ्या आणि दांड्या गंजतात. काय वापरायचं?

भाट्ये, मिऱ्या, हर्णै, मालवण, अशा खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात साधी पॉलिश केलेली लोखंडी दांडी वर्षभरात कपड्यांवर तांबूस रेघ सोडते. स्टेनलेस स्टील मागा, पण ‘स्टेनलेस’ एवढ्यावर थांबू नका. २०२ ग्रेडचं स्वस्त असतं आणि गंजतं, ३०४ टिकतं, अगदी समुद्राच्या तोंडावर ३१६ उत्तम. लोक खिशात लोहचुंबक घेऊन दुकानात जातात आणि चिकटलं नाही की खूश होतात. चुंबक २०२ लाही चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही, त्यामुळे ती परीक्षा निरुपयोगी. बिलावर ग्रेड लिहून घ्या. आणि स्क्रू! ३०४ ची बिजागरी आणून तिला पिवळे लोखंडी स्क्रू मारलेले आम्ही दर महिन्याला बघतो.

दारं लावायची की उघडंच ठेवायचं?

रोजचे कपडे उघडे, सणाचे बंद. सगळीकडे दारं लावली तर ती खोली राहत नाही, कपाटांची गल्ली होते. दारं लावायचीच तर वेताच्या विणीची किंवा पट्ट्यांची, हवा जाणारी. काचेची दारं फोटोत छान.

पैठण्या आणि नऊवाऱ्या टांगायच्या की घडी करायच्या?

सुती आणि रोजच्या साड्या टांगा. जरीच्या, भारी साड्या टांगल्या तर त्यांच्याच वजनाने घडीच्या रेघेवर ताण येतो, जरीची तार तुटते. त्या जुन्या मऊ मलमलीत किंवा धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून आडव्या ठेवा, एकावर एक चारपेक्षा जास्त नकोत. प्लास्टिकच्या झिपच्या पिशव्या दुकानातून घरी येईपर्यंतच. आत अडकलेला ओलावा जरीला काळी पाडतो. तीन-चार महिन्यांनी घडी उलटी मोडून नव्या रेघेवर घाला. दसऱ्यानंतर ऊन दाखवायची आपली पद्धत उत्तम, फक्त रेशमाला थेट ऊन नको, पडवीतली सावलीतली हवा पुरे.

यासाठी कंबर ते छातीच्या उंचीवर १८ इंच खोल, बाहेर ओढता येणारे उथळ ट्रे करून घ्या. नऊवारीची घडी पाचवारीपेक्षा जाड होते, म्हणून ट्रेची उंची तुमच्या घरातली सर्वांत जाड घडी मोजून ठरवा. आम्ही मोजायला येतो तेव्हा साड्या बाहेर काढून ठेवल्यात तर अर्धा तास वाचेल.

डांबरगोळ्या टाकू का?

घरात तान्हं मूल असेल तर नको. जी-६-पी-डी या विकराची उणीव असलेल्या बाळांना नॅफ्थलिनच्या वाफेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि ही उणीव बहुतेकांना माहीतच नसते. गोळ्या टाकायच्याच तर त्याच खणात कापूर ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की पाघळतात आणि कपड्यावर डाग पडतो. आमच्या आजीची वेखंडाची पुरचुंडी आम्ही अजून वापरतो. ती वास देते, कसरीला थोडी लांब ठेवते. बुरशीवर तिचा काही इलाज नाही.

आम्ही मुंबईत असतो. गावचं घर गणपती, शिमगा आणि मे महिन्यातच उघडतं. तिथे वॉक-इन करावं का?

करू नका. हे काम सोडल्यामुळे आमचं नुकसानच होतं, तरी सांगतो. चार महिने बंद घरात वीज नाही, यंत्र नाही, दार उघडणारं माणूस नाही. नेमक्या सर्वांत ओल्या दिवसांत खोली कोंडलेली, आणि तुम्ही गणपतीला येऊन दार उघडता तेव्हा भुरी फुललेली असते. त्यापेक्षा उघड्या फळ्या, भिंतीपासून सुटी दांडी आणि सणाला लागणारं कापड भरून ठेवायला रबराच्या पट्टीचे घट्ट झाकणाचे डबे, एवढं पुरे. डबे मे महिन्यात, कपडे कडक ऊन खाल्ल्यावर भरा. जूनमध्ये भरले तर ओलावाच भरून ठेवल्यासारखं होईल. शेजारी कोणी किल्ली घेणारं असेल तर पंधरा दिवसांनी एकदा दारं-खिडक्या उघडून घ्या.

चिपळूणला आमच्या तळमजल्यावर पाणी येतं.

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी कुठवर आलं होतं ती खूण भिंतीवर अजून असेल. तळमजल्याच्या वर जागा असेल तर कपड्यांची खोली वरच करा. नसेल तर त्या खुणेखाली प्लाय वापरू नका, तिथे अ‍ॅल्युमिनियम आणि पीव्हीसी, आणि खालचे ड्रॉवर हाताने उचलून वर नेता येतील असे सुटे. प्लगची जागाही खुणेच्या वर. वादळांचा विचारही करा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड-श्रीवर्धन पट्ट्यात कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले होते. विजेच्या यंत्रावर अवलंबून असलेल्या खोलीला निदान एक उघडता येणारी खिडकी हवीच.

खर्च किती येईल?

फोनवर सांगत नाही, कारण भाव मालवणात वेगळा आणि खेडला वेगळा. पण प्लायचे पत्रे किती लागतील ते तुम्ही स्वतः मोजू शकता. प्लायचा पत्रा ८ बाय ४ फुटांचा. ७ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल, तीन खणांचं कपाट धरा. चार उभ्या फळ्यांना दोन पत्रे, माथा आणि तळाला एक, आठ आडव्या फळ्यांना दीडच्या आत-बाहेर, म्हणजे १८ मिलिमीटरचे पाच. पाठीला ६ मिलिमीटरचे दोन. दारं लावलीत तर आणखी दोन, शिवाय बिजागऱ्या, हँडल आणि मजुरी. म्हणजे दारं गाळली की खर्च बराच उतरतो आणि हवाही खेळते. कोणी समोरच्या चौरस फुटाचा भाव सांगितला तर त्यात आतले ड्रॉवर, दांड्या, आतलं लॅमिनेट धरलंय का ते लिहून घ्या. भांडणं तिथेच होतात.

काम कधी काढायचं?

नोव्हेंबर ते एप्रिल. पावसात आणलेला प्लाय ओला असतो, आणि दमट हवेत मेलामाइन पॉलिश मारलं तर ते दुधासारखं पांढरं पडतं. नवा गिलावा असेल तर तो पूर्ण सुकेपर्यंत थांबा. ‘गणपतीपर्यंत करून द्या’ म्हणून जुलैत फोन येतात, आम्ही मोजमाप घेतो आणि दिवाळीनंतर येतो.

आरसा आणि दिवे?

आरसा तांबे-विरहित घ्या, कडा सील केलेला. नाहीतर खाऱ्या हवेने कडेपासून काळे डाग चालून येतात. भिंतीला चिकटवण्याऐवजी पट्टीवर, थोडा पुढे. दिवा ४००० केल्विनचा, नाहीतर निळी आणि काळी पँट घरात सारखीच दिसते. इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

सगळं केलं, तरी वास येतोय.

आधी चपलांचा खण उघडा. मग दाराआड टांगलेला रेनकोट, प्रवासाहून आलेली न उघडलेली बॅग आणि एकदा घालून परत टांगलेले शर्ट बघा. अंगावरून उतरलेल्या कपड्यांसाठी खोलीबाहेर दोन खुंट्या मारा. हे सगळं स्वच्छ निघालं, तर भिंतीला हात लावा आणि मग आम्हाला फोन करा.